अमेरिकी नागरिकत्व : १२८ प्रश्न, आणि त्यांच्या आधीचा फॉर्म

ग्रीन कार्डावर (अमेरिकेतल्या कायम वास्तव्याच्या परवान्यावर) ‘रेसिडेंट सिन्स’ या शब्दांपुढे एक तारीख छापलेली असते. नागरिकत्वाचा सगळा हिशोब त्या तारखेपासून. तिच्यात पाच वर्षं मिळवायची आणि ९० दिवस मागे यायचं. त्या दिवसापासून एन-४०० हा अर्ज भरता येतो. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि तीन वर्षं एकत्र संसार झालेला असेल, तर पाचाच्या जागी तीन. हे ९० दिवस बोटांवर मोजू नयेत. तीन महिने म्हणजे ९० दिवस हे समीकरण बहुतेक वेळा चुकतं, आणि अर्ज एक दिवस जरी लवकर गेला तरी तो नाकारला जाऊ शकतो. फी परत मिळत नाही. ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. इतकी वर्षं काढली आहेत, आणखी चार दिवस थांबावं.

अर्ज भरणाऱ्यांचं लक्ष मात्र पहिल्यापासून मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या नागरिकशास्त्राच्या प्रश्नांवर असतं. प्रश्न छापील मिळतात, उत्तरंही छापील मिळतात, यूट्यूबवर कुणीतरी ती वाचूनही दाखवतं. बोर्डाच्या परीक्षांसाठी व्याख्या घोकलेल्या मराठी माणसाला त्याचं काय भय? खरंच फारसं नाही. अडकायला होतं ते दुसरीकडे : प्रवासाच्या तारखांत, फॉर्ममधल्या इंग्रजी शब्दांत, आणि गंमत म्हणजे शाळेत शिकलेल्या आपल्याच नागरिकशास्त्रात.

आधी तारखा. गेल्या पाच वर्षांत अमेरिकेबाहेर २४ तासांहून जास्त झालेली प्रत्येक फेरी लिहावी लागते. नायगारा पलीकडून बघायला कॅनडात जाऊन दोन रात्री राहिलात तर तीसुद्धा. लिहायची ती अमेरिका सोडल्याची आणि अमेरिकेत परत उतरल्याची तारीख. अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून लोक मुंबईच्या शिक्क्यावरून तारखा उतरवतात. न्यूअर्कहून रात्री सुटलेलं विमान मुंबईत पोचतं दुसऱ्या दिवशी रात्री, त्यामुळे प्रत्येक फेरीत एकदोन दिवसांचा फरक पडतो. विमान कंपनीच्या जुन्या ईमेल शोधून त्यावरून यादी करावी. आणि दिवस-महिना-वर्ष ही आपली सवय बाजूला ठेवावी. फॉर्मला महिना आधी लागतो. ०४/०७ लिहिताना आपल्या मनात ४ जुलै असतो, अधिकारी ७ एप्रिल वाचतो.

पाच वर्षांत एकूण ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत (तीन वर्षांच्या नियमात १८). निघण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही दिवस तुमच्या खात्यात जमा होतात. शिवाय ज्या राज्यातून किंवा जिल्ह्यातून अर्ज करायचा तिथे आधीचे तीन महिने मुक्काम हवा.

हे ३० महिने भरणं तसं सोपं. बिघडतं ते ‘सलग वास्तव्या’चं गणित, आणि तेही बहुधा मुलांनी बोलावून घेतलेल्या आईवडिलांचं. दिवाळीला पुण्याला जायचं, गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच करून घ्यायचं, मग पुतणीचं लग्न, आणि बघता बघता सात महिने होतात. एकच फेरी सहा महिन्यांहून लांबली की वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. तुटलं नाही हे दाखवायचं काम तुमचं. इथलं घर, इथली टॅक्स रिटर्न्स, इथला आरोग्यविमा, इथे राहिलेली जवळची माणसं, असे कागद त्यासाठी लागतात. ऑपरेशनचं कारण खरं असलं तरी रुग्णालयाचे कागद जपून ठेवलेले नसतात, ही नेहमीची गोष्ट. फेरी एक वर्ष किंवा जास्त लांबली तर वास्तव्य तुटतंच, आणि परतल्यापासून ४ वर्षं १ दिवसानंतरच पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हाही मागच्या पाच वर्षांच्या चौकटीत त्या फेरीचा सहा महिन्यांहून मोठा तुकडा उरतो, म्हणून खरं तर साडेचार वर्षं थांबलेलं बरं.

आता फॉर्म. मुलाखतीत अधिकारी हा अर्ज समोर ठेवून प्रश्न विचारतो, आणि इंग्रजी बोलता-समजता येतं की नाही याची परीक्षा तीच असते. वेगळा तोंडी पेपर नसतो. ‘हाऊ डिड यू गेट हिअर टुडे?’ हा दारातला प्रश्नसुद्धा परीक्षेत मोडतो. ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणारी लांबलचक प्रश्नावली आली की माणसं ‘नो, नो, नो’ म्हणत सुटतात. मग अधिकारी थांबून विचारतो, ‘पर्सिक्यूट’ म्हणजे काय? इथे गाडी रुळावरून उतरते. उत्तर साध्या इंग्रजीत द्यायचं असतं. धर्म, वंश किंवा मतांमुळे कुणाला छळणं, एवढं सांगता आलं की झालं. असे दहाबारा शब्द वेगळ्या वहीत लिहून काढावेत : जेनोसाइड, टॉर्चर, टोटॅलिटेरिअन, डिपोर्ट, अलिजन्स, ओथ, ‘बेअर आर्म्स’, ‘नॉनकॉम्बॅटंट’. यातल्या ‘बेअर आर्म्स’ने भल्याभल्यांना चकवलं आहे. ‘कायद्याने गरज पडली तर अमेरिकेसाठी शस्त्र हाती घ्याल का’ असा तो प्रश्न, आणि घरी शस्त्र आहे का असं समजून सत्तरीच्या आजी ठणकावून ‘नो’ म्हणतात.

त्याच यादीत परदेशातला वंशपरंपरागत किताब आहे का, असाही एक प्रश्न असतो. पाटील, देशमुख, इनामदार, सरदेसाई मंडळींनी घाबरू नये. ते आडनाव आहे. किताब भारताच्या राज्यघटनेनेच १८व्या कलमात मोडीत काढले. शस्त्रांचं किंवा लष्करी धर्तीचं प्रशिक्षण घेतलंय का, या प्रश्नाला मात्र कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी ‘नाही’ म्हणून पुढे जाऊ नये. रायफल हाताळली असेल तर ‘हो’ म्हणावं, खाली दोन ओळी लिहाव्यात : कुठलं कॉलेज, कोणती वर्षं, विद्यार्थी संघटना होती. ‘हो’मुळे अडचण येत नाही. लपवलेलं निघालं तर येते.

दंडाच्या पावत्यांचंही तेच. वेगात गाडी चालवल्याची पावती ही ‘सायटेशन’ असते आणि प्रश्नात तो शब्द स्पष्ट आहे. वर्ष, गाव, भरलेली रक्कम लिहून मोकळं व्हावं. न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण असेल, अगदी सोडून दिलेलं असलं तरी, त्याचा निकाल दाखवणारा प्रमाणित कागद तिथल्या कोर्टाच्या कारकुनाकडून आणावा. तो यायला वेळ लागतो, म्हणून अर्जाआधीच मागवावा. सगळ्यात जड प्रश्न मतदार नोंदणीचा. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीपलीकडचा माणूस सवयीने विचारतो, ‘मतदार म्हणून नाव नोंदवायचं?’ आणि नीट न ऐकता ‘येस’ म्हटलेला ग्रीन कार्डधारक यादीत जाऊन बसतो. नागरिक नसताना नोंदणी करणं, आणि त्याहून मत देणं, हे हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. असं झालं असण्याची शंका जरी असली तर अर्ज भरण्यापूर्वी वकील गाठावा. इथे काटकसर नको.

पुरुषांसाठी ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’, म्हणजे सक्तीची लष्करी भरती करावी लागलीच तर त्यासाठीची नावनोंदणी. १८ ते २६ या वयात अमेरिकेत राहिलेल्या पुरुषांनी नोंदणी केलेली असली पाहिजे. त्या सगळ्या काळात एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याचे कुटुंबीय) सारख्या वैध व्हिसावर असाल तर बंधन नव्हतं, पण २६ व्या वाढदिवसाआधी ग्रीन कार्ड आलं असेल तर होतं. एच-४ वरून ग्रीन कार्डावर गेलेल्या मुलांच्या बाबतीत आईवडील हे हमखास विसरतात.

नावाचा प्रश्न मराठी घरांत फार. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी पहिलंही. त्यामुळे दहावीच्या सर्टिफिकेटावर एक बाई, पासपोर्टावर दुसरी आणि ग्रीन कार्डावर तिसरी असा प्रकार होतो. ‘इतर नावं’ या रकान्यात जन्मापासूनची सगळी लिहावीत. नागरिकत्वाबरोबर नाव बदलून घेण्याची सोयही याच अर्जात आहे. मात्र मग शपथ न्यायाधीशापुढेच घ्यावी लागते, आणि काही ठिकाणी तिची तारीख उशिरा मिळते.

आता त्या प्रश्नांकडे. २० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे दाखल केलेल्या अर्जांना नवी चाचणी लागू आहे : यादी १२८ प्रश्नांची, विचारणार जास्तीत जास्त २०, बरोबर हवीत १२. बारा बरोबर आली की अधिकारी थांबतो. नऊ चुकली तरी थांबतो. त्याआधी दाखल केलेल्या अर्जांना २००८ ची जुनी चाचणी, म्हणजे १०० प्रश्न, विचारणार दहा, हवीत सहा. ठरवते ती अर्ज दाखल झाल्याची तारीख, मुलाखतीची नाही. तरीही गाफीलपणे चुकीची यादी घोकून जाणारे भेटतात, कारण शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली पुस्तिका जुनी असते.

परीक्षा तोंडी असते, पर्याय दिलेले नसतात. एका प्रश्नाखाली पाच उत्तरं छापलेली असली आणि ‘एक सांगा’ म्हटलं असलं तर एकच सांगावं. आपल्या सवयीने पाचही सांगायला जाऊ नये. तिसऱ्यावर अडखळलं की पहिल्या दोघांवरचाही विश्वास जातो.

पाठांतर चालतं, पण नव्या यादीत ‘का’ने सुरू होणारे प्रश्न आहेत आणि तिथे अर्थ कळलेला असला तर शब्द विसरले तरी निभावतं. तो अर्थ आपल्या शाळेतल्या नागरिकशास्त्राशी ताडून बघितला तर पटकन बसतो. काही ठिकाणी दोन्ही अगदी जुळतात, काही ठिकाणी नेमके उलटे आहेत, आणि उलटे असतात तिथेच तोंडातून भारतातलं उत्तर निसटतं.

जुळणाऱ्यांपैकी पहिली म्हणजे सुरुवात. अमेरिकेच्या संविधानाचे पहिले तीन शब्द ‘वी द पीपल’. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘आम्ही भारताचे लोक’ वर्षानुवर्षं वाचलेलं आहे. सत्ता राजाची नव्हे, लोकांची. लोक स्वतःवर स्वतः राज्य करतात. नव्या यादीत या शब्दांचा अर्थ विचारतात, तिथे ‘सेल्फ-गव्हर्नमेंट’ एवढं म्हटलं की पुरे. सिनेट, म्हणजे अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह, तीही ओळखीची. सिनेटरची मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एकतृतीयांश बदलतात. आपली राज्यसभा तशीच. उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचे अध्यक्ष, आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती.

पण इथेच साम्य संपतं. राज्यसभेत महाराष्ट्राच्या जागा १९ आणि गोव्याची एक, कारण जागा लोकसंख्येवर. सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन आणि वायोमिंगच्याही दोनच. पन्नास राज्यं, शंभर सिनेटर. प्रत्येक राज्याला दोनच का, तर लहान राज्यांनाही समान वजन मिळावं म्हणून. १७८७ च्या संविधान परिषदेत मोठ्या आणि लहान राज्यांचं भांडण मिटवताना ही तडजोड झाली आणि लोकसंख्येचा हिशोब दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात गेला. तिथे ४३५ मतदार सदस्य, मुदत फक्त दोन वर्षं. लोकसभेच्या पाच वर्षांची सवय असलेल्यांच्या तोंडून इथे हमखास ‘फाइव्ह’ येतं. दोनच का, याचंही उत्तर यादीत आहे : लोकमताच्या जवळ राहावं म्हणून.

राज्यपाल हा दुसरा खड्डा. ‘गव्हर्नर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन येतं, केंद्राने नेमलेले, शपथा देणारे. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. थोडक्यात, आपल्या मुख्यमंत्र्याच्या कामाचा माणूस. मंत्रिमंडळाचंही तसंच : आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत खासदार व्हावंच लागतं, इथे मंत्रिमंडळात जायचं तर काँग्रेसमधली जागा सोडावी लागते. आणि ‘काँग्रेस’ हा पक्ष नव्हे, संसद. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण पंचाहत्तरीच्या काकांना ‘काँग्रेस काय करते?’ विचारून बघा.

राज्यांचे अधिकार आणि केंद्राचे अधिकार हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे, कारण दोन्ही देशांची मूळ बैठकच वेगळी. आपल्याकडे कुठल्याच सूचीत नसलेला विषय २४८व्या कलमाने केंद्राकडे जातो. अमेरिकेत दहावी घटनादुरुस्ती नेमकं उलट सांगते : संघराज्याला दिलेले नाहीत ते अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे. तिथे आधी राज्यं होती, त्यांनी हातातलं थोडं केंद्राला दिलं. हे डोक्यात ठेवलं की यादी पाठ करावी लागत नाही. नोटा छापणं, युद्ध पुकारणं, सैन्य उभारणं, परदेशांशी तह करणं हे केंद्राचं. शाळा, पोलीस, अग्निशमन दल, ड्रायव्हिंग लायसन्स हे राज्याचं.

न्यायाधीश : आपल्या सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी निवृत्ती, इथे तहहयात नेमणूक, राजकारणापासून मोकळं राहता यावं म्हणून. जागा नऊ. घटनादुरुस्त्या २७, आपल्याकडे शंभरावर गेल्या आहेत, त्यामुळे २७ हा आकडा खोटा वाटतो, पण तोच खरा. पहिल्या दहांना मिळून हक्कांची सनद म्हणतात. पहिल्या दुरुस्तीतली पाच स्वातंत्र्यं (भाषण, धर्म, सभा, वृत्तपत्रं, सरकारकडे दाद मागणं) सरळ तोंडपाठ करावीत; इथे घोकंपट्टीला पर्याय नाही.

मतदानाविषयीच्या चार दुरुस्त्या लक्षात ठेवताना आपला इतिहास मदतीला येतो. वंशाच्या कारणाने मत नाकारता येणार नाही, १८७०. बायकांना मत, १९२०. मत देण्यासाठी पट्टी भरायची अट रद्द, १९६४. वय अठरा, १९७१. भारतात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, १९५१-५२ पासूनच, सगळ्या प्रौढांना मत होतं, आणि वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ मध्ये. म्हणजे अमेरिकेने पट्टीची अट काढायच्या आधी आपल्या आज्यांनी तीनदा लोकसभेचं मतदान केलं होतं. हे अधिकाऱ्याला सांगायची गरज नाही, पण वर्षं लक्षात राहतात.

इतिहासात गोंधळ दोन कागदांचा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६, संविधान १७८७. आपल्याकडे १९४७ आणि १९५०, तसंच हे जोड्याने लक्षात ठेवावं. जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि सुखाच्या शोधाचा हक्क हे शब्द जाहीरनाम्यातले, संविधानातले नव्हेत. मूळ तेरा राज्यांपैकी पाच सांगायची असतात (जुन्या यादीत तीन). मॅसॅच्युसेट्सवर जीभ झिजवण्यापेक्षा न्यूयॉर्क, न्यू जर्सी, व्हर्जिनिया, जॉर्जिया, मेरिलँड घ्यावीत. ‘फेडरलिस्ट पेपर्स’च्या (संविधानाच्या बाजूने लिहिलेल्या लेखांच्या) लेखकांत हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे, सगळ्यात छोटं नाव तिसरं. यादवी युद्धाची कारणं विचारली तर ‘स्लेव्हरी’ हा एक शब्द पुरतो.

नागरिक कसं होता येतं, असाही एक प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात येत नाही, पण भारतीयाला ठाऊक असावी अशी एक गोष्ट : १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘श्वेत’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. आधी नागरिकत्व मिळालेल्या काही भारतीयांचंही त्यानंतर काढून घेतलं गेलं. दार उघडलं ते १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने.

काही उत्तरं बदलती असतात : राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, सभागृहाचे सभापती, सरन्यायाधीश, तुमचे सिनेटर, प्रतिनिधी आणि गव्हर्नर. मुलाखतीच्या दिवशी पदावर कोण आहे ते सांगायचं. नवी काँग्रेस ३ जानेवारीला बसते आणि नवा राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीला, म्हणून त्या महिन्यात मुलाखत असलेल्यांनी आदल्या रात्री पुन्हा बघावं. प्रतिनिधी शोधताना नुसता झिप कोड घालू नये. एकाच झिपमध्ये दोन मतदारसंघ असू शकतात, पूर्ण पत्ता घालावा. वॉशिंग्टन डी.सी.त राहणाऱ्यांनी ‘डी.सी.ला सिनेटर नाहीत’ असं उत्तर द्यायचं, तेच बरोबर धरतात.

वाचन आणि लेखन हा भाग छोटा. तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. वाक्यं आधी जाहीर होत नाहीत, शब्दांची यादी होते : लिंकन, वॉशिंग्टन, अलास्का, महिने, सणवार, ‘पे’, ‘टॅक्सेस’ असे. किरकोळ स्पेलिंगची चूक चालते, शब्दाचं संक्षिप्त रूप चालत नाही. बऱ्याच कार्यालयांत हे टॅबलेटवर लेखणीने लिहावं लागतं. पन्नास वर्षं पेनाने लिहिलेल्या हाताला तो गुळगुळीत पडदा परका वाटतो, हात टेकला की भलतीच रेघ उमटते. घरातल्या टॅबलेटवर आठवडाभर गिरवून घ्यावं.

ज्येष्ठांसाठी सवलती आहेत, आणि त्या वयाबरोबर ग्रीन कार्डाच्या वर्षांवर ठरतात. दोन्ही मोजायची अर्ज दाखल करतानाची. ५० वर्षं वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५५ आणि १५ : इंग्रजी माफ, नागरिकशास्त्र मराठीत, दुभाष्यामार्फत. ६५ आणि २० : तेही, शिवाय तारांकित २० प्रश्नांतूनच दहा, हवीत सहा. नातवंडं सांभाळायला सत्तरीत आलेल्या आजोबांना यातलं काहीच लागू होत नाही, कारण वय आहे पण वर्षं नाहीत. त्यांनी इंग्रजीतच तयारी करायची. मराठीत देणाऱ्यांनी पारिभाषिक शब्द आधीच ठरवून घ्यावेत : अमेंडमेंट म्हणजे घटनादुरुस्ती, ‘रूल ऑफ लॉ’ म्हणजे कायद्याचं राज्य. दुभाष्याने शब्दशः सांगायचं असतं, सुचवायचं नसतं. मुलगा किंवा सून दुभाषी म्हणून नेणं टाळावं. घरच्या माणसाला मदत केल्याशिवाय राहवत नाही, आणि अधिकारी त्याला बाहेर काढू शकतो.

एन-६४८ हा वैद्यकीय सवलतीचा फॉर्म वेगळा. तो डॉक्टरांनी भरायचा असतो आणि कोणत्या आजारामुळे शिकणं किंवा आठवणं शक्य नाही, ते त्यात मांडावं लागतं. ‘वय झालं, आता लक्षात राहत नाही’ एवढ्यावर तो फेटाळला जातो.

मुलाखतीला चालू आणि जुने सगळे पासपोर्ट, ग्रीन कार्ड, राज्याचं ओळखपत्र, टॅक्सचे ट्रान्सक्रिप्ट, आणि तीन वर्षांच्या नियमातून अर्ज असेल तर लग्नाचे व एकत्र राहण्याचे पुरावे न्यावेत. आत गेल्यावर उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ, मग ओळखपत्रं, मग क्रम त्या त्या अधिकाऱ्याचा. प्रश्न कळला नाही तर ‘प्लीज रिपीट’ म्हणावं. त्याने गुण जात नाहीत. न समजता मान हलवणं सगळ्यात महाग. आपली डावी-उजवीकडे डुलणारी मान ‘हो’ आहे की ‘नाही’, हे समोरच्याला कळत नाही, म्हणून तोंडाने बोलावं. अर्ज भरल्यानंतर काही बदललं असेल, नवी फेरी, नवी नोकरी, नवी पावती, तर ते आपणहून सांगावं.

शेवटी एन-६५२ हा निकालाचा कागद हातात येतो. इंग्रजी किंवा नागरिकशास्त्र चुकलं तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते, आणि त्या वेळी फक्त चुकलेला भाग विचारतात. दुसऱ्यांदाही चुकलं तर अर्ज नाकारला जातो. ३० दिवसांत एन-३३६ भरून सुनावणी मागता येते, नाहीतर नव्याने फी भरून नवा अर्ज. चाचणी सोडून बाकी कागदांसाठी प्रकरण अडकलं तर नेमके कोणते कागद हवेत ते लेखी मागून घ्यावं.

शपथविधीच्या पत्रासोबत (एन-४४५) मुलाखतीनंतर काय घडलं याची छोटी प्रश्नावली असते, ती त्याच दिवशी भरावी, आधी नाही. ग्रीन कार्ड तिथेच जमा होतं. शपथ होईपर्यंत तुम्ही नागरिक नसता, मुलाखत पास झालेली असली तरी. सर्टिफिकेट हातात आलं की खुर्चीवरून उठायच्या आत नाव, जन्मतारीख, स्पेलिंग तपासावं. तिथल्या तिथे दुरुस्ती होऊ शकते, नंतर एन-५६५ आणि महिनोन्महिने वाट. ते लॅमिनेट करू नये. अठराच्या आतली मुलं ग्रीन कार्डावर तुमच्याजवळ राहत असतील तर २००० च्या कायद्याने तीही आपोआप नागरिक होतात; त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा नाही.

मग भारताची बाजू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, त्याच क्षणी. त्या पासपोर्टावर प्रवास करणं गुन्हा आहे, मुदत शिल्लक असली तरी. तो रद्द करून ‘सरेंडर सर्टिफिकेट’ घ्यायचं, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड). पण अमेरिकन पासपोर्टसाठी नागरिकत्वाचं सर्टिफिकेट मूळ स्वरूपात पाठवावं लागतं, सरेंडरला तो पासपोर्ट लागतो आणि ओसीआयला सरेंडर. ही रांग सरायला काही आठवडे ते काही महिने जातात. गणपतीची तिकिटं काढून ठेवून ऑगस्टमध्ये शपथ घेणारे इथे अडकतात. प्रवास टळण्यासारखा नसेल तर सरेंडर करून अमेरिकन पासपोर्टावर ई-व्हिसा घ्यावा. ओसीआयवर भारतात मत देता येत नाही आणि शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीत वारसा येऊ शकतो, त्यामुळे सातबाऱ्यावरचं नाव लगेच धोक्यात येत नाही.

गावच्या मतदार यादीत नाव अजून असेल तर तेही काढायचं असतं, फॉर्म ७ भरून. घरचं कुणी ते करायला राजी नसतं. ‘असू दे की, काय बिघडतंय’ म्हणतात.